घोंगड्याखालचा हात

अकरा मिनिटं! वनिता पुकळे बाकी सगळं विसरेल, पण हा आकडा काही तिच्या डोक्यातून जायचा नाही. दोन वर्षांपूर्वी औषधांच्या कच्च्या मालाच्या वाटाघाटींना ती भारताच्या बाजूनं बसली होती. ‘याच्या खाली एक पाऊलही उतरायचं नाही’ असं दिल्लीनं तिला बजावलं होतं, ती शेवटची अट समोरच्यांनी अकराव्या मिनिटाला बरोब्बर टेबलावर मांडली. अगदी शब्दाला शब्द. जणू दिल्लीतली बैठक आटोपून तेच आधी विमानात बसले होते.

फितुरी झाली म्हणून चौकशी बसली. फितूर कोणी नव्हतं. घात केला होता तो वनिताच्या चेहऱ्यानं. बाई पहिल्यापासून अभ्यासू. ती शेवटची अट तिनं आरशापुढं उभं राहून पाठ केली होती, शाळेत पाढे करायची तशी घोटून घोटून. जितकं पक्कं पाठ, तितकं चेहऱ्यावर ठळक, हे तेव्हा तिला कुठं ठाऊक!

तर तो चेहरा वाचणारं यंत्र आधी समजून घ्यायला हवं. आपलं हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं आणि त्या प्रत्येक ठोक्यासरशी गालाकपाळाचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मनावर ताण आला की आवाजात बारीक कंप येतो, डोळ्याची बाहुली पसरते. ही सगळी लक्षणं शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होती. नवं एवढंच झालं की कोणीतरी ती एकत्र बांधली आणि लाखो वाटाघाटींच्या चित्रफिती दाखवून एका यंत्राला शहाणं केलं. मनात एखादी शेवटची रेघ असली की बोलणं तिच्याकडे सरकताना अंग सावध होतं, आणि रेघेच्या अलीकडेच थांबलं की अंग सैल पडतं. विहिरीत दोर सोडून पाण्याचा तळ शोधावा, तसं यंत्र एकेक अट सोडून माणसाचा तळ शोधतं. म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं ‘तळमाप’. ते चष्म्याच्या काडीत मावायचं.

तुम्ही म्हणाल, मग भारतानंही घ्यायचं की एक तळमाप! घेतलं होतं हो. उपयोग शून्य. महासत्तेचा माणूस आपली रेघ लपवतच नाही. ‘हे असं आहे, घ्या नाहीतर जा,’ म्हणतो आणि खुर्चीला टेकून बसतो. त्याच्या मनातलं वाचून तुम्ही करणार काय? लपवायची गरज असते ती ज्याची बाजू लंगडी त्याला. अर्धं जग या यंत्रानं उघडं पाडलं, आणि नेमकं तेच अर्धं, ज्याच्याकडे झाकलेल्या मुठीशिवाय दुसरं काही नव्हतं.

उपाय नाना करून झाले. नाडी शांत ठेवणाऱ्या गोळ्या घेतल्या, तर दारावर रक्ताची तपासणी सुरू झाली. लेखी बोलू म्हटलं, तर ते म्हणाले, समोरासमोर बसा नाहीतर बसूच नका. काहीच माहीत नसलेला अधिकारी पाठवून पाहिला. तो दर तासाला बाहेर जाऊन दिल्लीला फोन करायचा आणि परत आला की दिल्लीनं सांगितलेलं सगळं तोंडावर घेऊन यायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण हे भूत घराघरांत शिरलं. फोनमध्ये फुकट मिळायला लागलं. एके दिवशी जेवताना वनिताच्या नवऱ्यानं, श्रीकरनं, फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला.

“खरं सांग, माझा राग आलाय तुला?”

“नाही.”

फोन टुणकन वाजला. “आलाय म्हणतोय हा.”

वनितानं शांतपणे त्याच्या हातातून फोन घेतला आणि वरणाच्या पातेल्यात सोडला. “आता आलाय,” ती म्हणाली.

श्रीकर वाईट माणूस नव्हता. त्यानं पुन्हा तसला फोन घरात आणला नाही. पण त्यानंतर दोघं मनातलं काही बोलायचं झालं तर गच्चीवर पाठीला पाठ लावून बसायचे. वीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला एकमेकांपासून तोंड लपवायची वेळ यावी, याचं वनिताला फार वाईट वाटायचं.

आणि आता नवं संकट उभं राहिलं होतं. सगळ्यात बारीक चिप बनवणारी यंत्रं जगात दोनच ठिकाणी होत होती, एक पश्चिमेकडच्या महासत्तेकडे आणि दुसरं पूर्वेकडच्या. दोघंही भारताला यंत्रं द्यायला तयार होते. करारात फक्त एक कलम होतं, सातवं. ‘भारतानं तिसऱ्या कोणत्याही देशाशी तंत्रज्ञानाचा करार करण्यापूर्वी आमची संमती घ्यावी.’ दोघांच्या मसुद्यात शब्द वेगळे, मतलब एकच. म्हणजे आमच्या अंगणात या, पण पलीकडच्या घराकडे बघायचं झालं तर आम्हाला विचारून बघा. पश्चिमेच्या, म्हणजे मागच्या वेळच्याच लोकांशी बोलणी मस्कतला ठरली, आणि त्या यादीत वनिताचं नाव आलं. पुन्हा हरलीस तर तिसरी संधी नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

चार दिवसांची रजा टाकून ती माणदेशात वडिलांकडे गेली.

बिरा पुकळे ऊर्फ आबा, वय पंचाहत्तर, जनावरांच्या बाजारातले दलाल. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा आबांच्या हातून झाला की घेणारा आणि विकणारा दोघंही निर्धास्त. त्यांना रक्तदाबाची गोळी लागायची. वनिताचा तो औषधांच्या कच्च्या मालाचा करार झाला आणि सहा महिने ती गोळी तालुक्याच्या एकाही दुकानात मिळेना. त्या सहा महिन्यांत आबांचा डावा पाय अर्धा लुळा पडला. आबा त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. वनिताला त्यांचं हे न बोलणंच जास्त लागायचं.

“चल, बाजारात जाऊ,” आबा काठी टेकत म्हणाले. “घरात बसून काय चेहरा पाडून घेतीस?”

बाजारात बघते तर काय, पुण्याकडची हौशी गिऱ्हाइकं डोळ्यांवर तळमापाचे जाडजूड चष्मे लावून फिरत होती. बघत होती बैलाकडे कमी आणि मालकाच्या तोंडाकडे जास्त. बिचारे शेतकरी किंमत सांगायला तोंड उघडायचे आणि फसायचे. आबांच्या भोवती मात्र गर्दी होती. आबा एका दगडावर बसले होते. त्यांच्या शेजारी बैलाचा मालक गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसला होता. दोघांच्या मांडीवर मिळून एक काळं घोंगडं, आणि त्या घोंगड्याखाली मालकाचा हात आबांच्या हातात. बोलत होते फक्त आबा. चष्मेवालं गिऱ्हाईक आबांच्या चेहऱ्याकडे बघून बघून घामाघूम झालं, आणि शेवटी मालकाला हवा होता तोच भाव देऊन मोकळं झालं.

वनिता बघतच राहिली. बोटांचा सौदा तिनं लहानपणापासून पाहिलेला. त्यात घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची बोटं कपड्याखाली बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण ही तऱ्हा निराळीच होती.

“आबा, त्याला काही कळलं कसं नाही?”

“मलाच ठावं न्हाई, तर त्येला काय कळनार?” आबा हसले. “मालकाचा आकडा मी इचारतच न्हाई. आकडा त्येच्या मनात, त्वांड माझं. मी आपला ताणत ऱ्हातो. त्येनं मूठ आवळली की आजून ताणायचं. मूठ सैल सोडली की सौदा झाला म्हनायचं.”

“आणि तुम्हीच मध्ये हात काढून घेतला तर?”

“हात काढला की सौदा मोडला. मग मालकानंबी तक्रार करायची न्हाई, अशी रीत हाय.” आबा म्हणाले. “चार-दोन येळा काढलाय मी. गिऱ्हाईक मातलं, मालक भ्यालेला, आता हा पडेल भावात इकतोय असं वाटलं की काढायचा. मालक शिव्या देतो. पुढच्या बाजारी त्योच येऊन पाया पडतो.”

“आणि नाही पडला तर?”

“तर शिव्या खायच्या! त्यात काय एवढं?”

वनिता दिल्लीला परतली ती आबांचं घोंगडं बॅगेत घालूनच.

तिचे वरिष्ठ होते केंकरेसाहेब. मूळचे फोंड्याचे, निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि बैठकीत डोळे मिटून बसण्याबद्दल साऱ्या मंत्रालयात बदनाम. सातव्या कलमाबाबत सरकार शेवटी कुठवर जाईल, हे देशात तिघांनाच माहीत होतं. पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री आणि तिसरे हे केंकरे. वनितानं घोंगडं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली.

“पुकळे, तुम्ही मला बैलाचा मालक करताय?” केंकरेसाहेबांनी एक डोळा उघडला.

“हो सर. आणि तुम्हाला पाठमोरं बसायचीही गरज नाही. तुमचा पेसमेकर आहे ना!”

आता साहेबांचे दोन्ही डोळे उघडले. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची वीज वाहून नेणारी वाट बंद पडली होती. तेव्हापासून ठोके द्यायचं काम छातीतलं यंत्र करत होतं, मिनिटाला सत्तर. साहेब घाबरोत की खूश होवोत, सत्तर म्हणजे सत्तर. चालताना ठोके वाढवण्याची त्यात सोय होती, ती डॉक्टरांकडून बंद करून घेता येण्यासारखी होती. डोळे मिटलेले, म्हणजे बाहुल्या दिसायच्या नाहीत. तोंड बंद, म्हणजे आवाज नाही. गोळ्यांवर बंदी होती, पण कोणाच्या छातीतून पेसमेकर काढून घ्या असं महासत्तासुद्धा म्हणू शकत नव्हती.

“म्हणजे माझी झोप देशाच्या कामी येणार म्हणायची!” साहेब पहिल्यांदाच मनापासून हसले. मग गंभीर झाले. “शेवटची रेघ तुम्हाला कळणार नाही, पुकळे. चाचपडत बोलावं लागेल.”

“मला कळायलाच नको. मागच्या वेळी कळली होती, तर काय झालं ते माझ्या बापाच्या पायाला विचारा.”

मस्कतच्या त्या सभागृहाच्या दारावर घोंगड्याची कसून तपासणी झाली. यंत्रातून काढलं, झटकलं, हुंगलं. सापडलं काय, तर लोकरीत अडकलेला एक गोखरूचा काटा. तो पहारेकऱ्याच्या बोटात रुतला, आणि त्यानं वैतागून घोंगडं परत दिलं. वातानुकूलन इतकं कडक होतं की म्हातारे केंकरेसाहेब मांडीवर घोंगडं घेऊन बसले, याचं कोणाला नवल वाटलं नाही. त्याचं एक टोक वनिताच्या मांडीवर होतं.

समोर होत्या हॉलिसबाई. पांढरे केस, गोड बोलणं, आणि आजवर एकही वाटाघाट न हरल्याची ख्याती. त्यांच्या उजव्या हाताला जाड काडीचा चष्मा घातलेला एक तरुण गृहस्थ होता. तो बोलत नव्हता. समोरच्या कागदावर फक्त पेन्सिलीनं रेघा मारत होता.

“सातवं कलम कायमचं राहील,” हॉलिसबाईंनी सुरुवात केली.

घोंगड्याखाली साहेबांची मूठ आवळलेली. “नाही,” वनिता म्हणाली.

“वीस वर्षं.”

मूठ तशीच. “नाही.”

“दहा. आणि यंत्रं सहा महिने आधी देऊ.”

“यंत्रं कधीही द्या. कलम नको.”

पहिला दिवस असा गेला. चष्मेवाल्याची पेन्सिल घुटमळायला लागली होती. तो वाकून हॉलिसबाईंच्या कानात काहीतरी सांगायचा, आणि त्या भुवया उंचावून वनिताकडे बघायच्या. दोर सोडत होते, सोडत होते, आणि तळ काही लागत नव्हता. वनिताला आतून हसू येत होतं. अहो, जे माझ्यापाशी नाहीच, ते कुठून शोधाल?

दुसऱ्या दिवशी मात्र हॉलिसबाईंचा सूर बदलला. गोडवा गेला.

“मॅडम, हा आमचा शेवटचा प्रस्ताव. पाच वर्षं, आणि फक्त संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञानापुरती संमती. बारा वाजेपर्यंत उत्तर द्या. नाही म्हणालात तर ही यंत्रं दुसऱ्या देशाला जातील, आणि पुढची दहा वर्षं तुमच्या कारखान्यांना आमच्या दारात उभं राहता येणार नाही.” त्या किंचित पुढं झुकल्या. “शिवाय मागच्या वेळी तुम्ही फार समजूतदारपणे वागला होतात. आम्ही ते विसरलेलो नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती.

मागच्या वेळी! वनिताच्या कानशिलात आग पेटली. काठी टेकत बाजारातून चालणारे आबा तिला दिसले. त्या पायाला समजूतदारपणा म्हणतेस होय गं बये!

आणि त्याच क्षणी तिच्या हातातली केंकरेसाहेबांची मूठ हलली. दोन दिवस दगडासारखी आवळलेली ती मूठ. करंगळी किंचित सुटल्यासारखी वाटली. बोटं अवघडली होती, की साहेब सैल सोडत होते? आणखी अर्धा क्षण हात तिथंच राहिला असता, तर तिला पक्कं कळलं असतं. कळलं असतं तर ते तिच्या गालावर उतरलं असतं, चष्मेवाल्यानं ते टिपलं असतं, आणि मग अकरा मिनिटंसुद्धा लागली नसती.

वनितानं हात काढून घेतला.

घोंगड्यातून बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. सौदा मोडला होता. सरकारला विचारून नव्हे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तिनं मोडला होता. नोकरी गेली तर गेली. पण पुन्हा कोणाच्या परवानगीनं जगायचा कागद माझ्या सहीनं घरी जाणार नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

“हॉलिसबाई,” ती उठून उभी राहिली, “माझं सरकार कुठवर उतरेल हे मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुमच्या या चष्म्याला विचारा, तो सांगेल. पण मी कुठवर उतरेन हे मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही तुमच्याशी बोलू, तुमच्या शत्रूशी बोलू, आम्हाला वाटेल त्याच्याशी बोलू. त्यासाठी तुमची संमती मागणार नाही. पाच वर्षं नाही आणि पाच मिनिटंही नाही. यंत्रं दुसऱ्याला द्यायची तर खुशाल द्या. आम्हाला उशीर होईल, पण आमची आम्ही बनवू.”

चष्मेवाल्यानं काडीला हात लावला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यानं हॉलिसबाईंकडे बघून सावकाश नकारार्थी मान हलवली. कोणी सांगायला नको होतं. वनिता खोटं बोलत नव्हती, आणि तिच्याखाली तळ नव्हता.

वनिता दाराकडे चालू लागली. मागं केंकरेसाहेब बसलेलेच होते. त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि ते तिच्या पाठीकडे बघत होते. क्षणभर तिला वाटलं, आता हे म्हणणार, थांबा पुकळे, आम्हाला मान्य आहे. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेब उठले होते. घोंगडं खांद्यावर टाकून ते तिच्यामागून बाहेर आले.

बाहेरच्या सज्जात दोघं चहाचे पेले घेऊन उभे राहिले. समोर समुद्र होता. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. एकदा तिला वाटलं, आपण कोण टिकोजीराव लागून गेलो? देशाचे कारखाने पणाला लावायचा हक्क आपल्याला कोणी दिला? मग आबांचा पाय आठवला, आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली.

पाऊण वाजता हॉलिसबाई स्वतः चालत आल्या. हातात मसुदा होता. सातव्या कलमावर निळ्या शाईनं आडवी-उभी काट मारलेली होती आणि बाजूला त्यांची सही.

“यंत्रं दुसऱ्याला देऊन आमचाही फायदा नव्हता,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. जायला वळल्या आणि थांबल्या. “एक विचारू? त्या कांबळ्याखाली काय होतं?”

“हात,” वनिता म्हणाली. खरं तेच सांगितलं. आता खोटं कशाला बोला?

हॉलिसबाई गेल्या. केंकरेसाहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, घोंगड्याची नीट चौघडी केली आणि ती तिच्या हातात दिली.

“पुकळे, तुम्ही आज माझ्या हातातून हात काढून घेतलात. मला विचारलं नाहीत. नियमाप्रमाणे तुमच्यावर कारवाई व्हायला हवी.”

“करा ना सर.”

“आणि ती माझी मूठ. खरं काय होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं. मी सैल...”

“सर!” वनितानं दोन्ही कानांवर हात ठेवले. घोंगडं खाली पडलं. “एक अक्षर बोलू नका. बुधवारी पूर्वेकडच्यांशी बसायचंय, आणि त्यांच्या मसुद्यातही सातवं कलम आहे.”

साहेब वाकले, स्वतःच घोंगडं उचललं, त्याला लागलेली वाळू झटकली.

“मग कारवाईचं काय करायचं?”

“गुरुवारी करा,” वनिता म्हणाली.